कल्याणीची वहिवाट

सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर हुमनाबादच्या पश्चिमेस, रस्त्यापासून थोडे आत, जुन्या किल्ल्याच्या आश्रयाने एक गाव वसलेले आहे. सरकारी दप्तरात त्याचे नाव आज बसवकल्याण असे आहे. निर्णा, चिटगुप्पा, हुमनाबाद, भालकी या पंचक्रोशीतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी मात्र ते अजूनही ‘कल्याणी’च असते. एकेकाळी दक्षिणापथाची राजधानी असलेले हे नगर पुढे शरणांचे तीर्थ, सूफींचे ठाणे, मराठी अद्वैती साधूंचे पीठ आणि सुलतानांच्या चढाओढीचे लक्ष्य झाले. एकाच भूमीवर अनेक धर्मपरंपरांनी आपला हक्क सांगावा, असे भाग्य किंवा संकट ज्या थोड्या नगरांच्या वाट्याला येते, त्यांत जगाच्या नकाशावर जेरुसलेमचे नाव पहिले. कल्याणीचा आवाका तेवढा नाही. परंतु प्रश्न त्याच जातीचा आहे: राज्ये बदलत राहिली, देवतांची नावे बदलत राहिली, तेव्हा या गावातील उपासनेचा हक्क कोणी, कसा आणि कशाच्या आधारावर राखला?

राजधानीचे दिवस

अकराव्या शतकाच्या मध्यास चालुक्य नृपती पहिला सोमेश्वर आहवमल्ल याने मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, सोडून कल्याण ही आपली राजधानी केली. त्याचा पुत्र सहावा विक्रमादित्य १०७६ मध्ये गादीवर आला आणि त्याने जवळजवळ पन्नास वर्षे राज्य केले. शक मागे सारून त्याने स्वतःच्या नावाने संवत्सरगणना सुरू केली, यावरून त्याच्या महत्त्वाकांक्षेची कल्पना येते. काश्मीरहून आलेला बिल्हण त्याच्याच दरबारी विसावला आणि ‘विक्रमाङ्कदेवचरित’ रचून त्याने आश्रयदात्याचे नाव संस्कृत साहित्यात कायमचे नोंदविले. हुमनाबादजवळच्या जलसंगवी येथील शिवालयाच्या बाह्यभिंतीवर एक सुंदरी याच राजाच्या स्तुतीचा लेख कोरीत उभी आहे. दगडात कोरलेली स्त्री स्वतः अक्षरे कोरते, ही कल्पना त्या काळच्या शिल्पकाराला सुचली, त्या अर्थी या परिसरात अक्षराची प्रतिष्ठा मोठी असली पाहिजे.

ती तशी होती याचा आणखी भक्कम पुरावा म्हणजे विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका कल्याणात लिहिली गेली. ग्रंथाच्या अखेरीस विज्ञानेश्वराने कल्याणासारखे नगर नाही आणि विक्रमार्कासारखा राजा नाही, असा अभिमान प्रकट केला आहे. बंगालचा दायभाग-प्रदेश वगळता भारताच्या बहुतेक भागांत हिंदू कुटुंबाच्या वारसाहक्काचा निवाडा इंग्रजी अमदानीतील न्यायालयेही याच ग्रंथाच्या आधारे करीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापर्यंत हा अंमल टिकला. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ शके १०५१ चा, म्हणजे इ. स. ११२९ चा. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, हा त्यातील उल्लेख मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. मराठीचा पहिला मोठा ग्रंथ सिद्ध होण्यापूर्वी मराठी स्त्रियांच्या गाण्याची नोंद कल्याणच्या कन्नड राजाने संस्कृतात करून ठेवली. या मातीतील भाषांचे नाते इतके जुने आहे.

शरणांचे कल्याण

कल्याणाचे पावित्र्य मात्र राजवाड्यातून आलेले नाही. ते आले बाराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात. चालुक्यांचा मांडलिक कलचुरी बिज्जळ मूळचा मंगळवेढ्याचा. ११६२ पर्यंत त्याने धन्याची सत्ता पूर्णपणे बळकावली. त्याच्या पदरी महत्त्वाच्या अधिकारावर असलेल्या बसवण्णांनी शिवभक्तीला एक नवेच सामाजिक रूप दिले. जन्मावरून ठरणारी उच्चनीचता नाकारणे, कायक म्हणजे श्रम हीच उपासना मानणे आणि संस्कृताऐवजी लोकांच्या कन्नडात वचने रचणे, ही या चळवळीची प्रमुख अंगे होत. अल्लमप्रभू, अक्कमहादेवी, चन्नबसवण्णा आणि सोलापूरचे सिद्धराम ही तिच्यातील अग्रगण्य नावे. दोर वळणारे नुलिया चंदय्या आणि चर्मकार हरळय्या हेही त्याच पंक्तीत बसत. या शरणांच्या चर्चेचे स्थान ते अनुभव मंटप.

पुढची शोकांतिका सर्वश्रुत आहे. ब्राह्मण कुळातील मधुवरसाची कन्या आणि हरळय्याचा पुत्र यांचा विवाह शरणांनी घडवून आणला. बिज्जळाने दोन्ही पित्यांना देहान्ताची शिक्षा दिली. कल्याणात उद्रेक झाला, बसवण्णा कूडलसंगमाकडे गेले, बिज्जळाचा वध झाला, आणि उरलेले शरण वचनांची ताडपत्रे सांभाळीत उळवीच्या दिशेने पांगले, अशी परंपरा आहे.

इतिहासकाराला येथे सावधपणे पाऊल टाकावे लागते, कारण कल्याणावरील पहिला वाद दगडमातीचा नसून कथेचा आहे. वीरशैव पुराणांत बिज्जळाचा वध शरणांच्या हातून होतो आणि तो धर्मरक्षणार्थ झालेला असतो. जैन परंपरेतील ‘बिज्जळरायचरिते’त बिज्जळ हा सज्जन राजा असून तो विषप्रयोगाने मरतो आणि बसवण्णा पळ काढतात. शिलालेख यांपैकी काहीच सांगत नाहीत. बिज्जळाने ११६७ मध्ये पुत्र सोविदेव याच्याकडे राज्य सोपविले, एवढेच त्यांवरून निश्चितपणे दिसते. जैन म्हणून प्रसिद्ध असलेला हा राजा शैव देवालयांना दाने देताना आढळतो. अनुभव मंटपातील संवाद ज्या ‘शून्यसंपादने’त विस्ताराने वाचावयास मिळतात, तो ग्रंथ पंधराव्या शतकातील, म्हणजे घटनेनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी संकलित झालेला आहे. याचा अर्थ मंटप नव्हता असा नाही. त्याची स्मृती वचनांनी व ग्रंथांनी जपली, इमारतीने नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. ही गोष्ट पुढील वाद समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

शके १२४८ चा एक निवाडा

११८९ च्या सुमारास देवगिरीच्या यादवांनी कल्याण घेतले आणि त्याचे राजधानीपण कायमचे संपले. चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवही गेले आणि दख्खन दिल्लीच्या अमलाखाली आली. मूर्तिभंजनाच्या कथा या काळाविषयी पुष्कळ ऐकू येतात आणि त्यांतील काही खऱ्याही आहेत. परंतु कल्याणात याच काळाचा एक संस्कृत शिलालेख सापडला आहे. तो वाचल्यावाचून या नगराचा इतिहास पुरा होत नाही.

लेख शके १२४८ चा, म्हणजे इ. स. १३२६ चा. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा महंमद तुघलक होता. कल्याणातील मधुकेश्वराच्या देवालयाला स्थानिक गडबडीत उपद्रव पोहोचला आणि तेथील पूजा खंडित झाली. सुलतानाच्या मुसलमान अधिकाऱ्यांनी या प्रकरणात लक्ष घातले, देवालयाची दुरुस्ती झाली, आणि पूजाअर्चा पूर्ववत सुरू झाली, असा या लेखाचा आशय आहे. सुलतानाच्या कारकिर्दीचा हा निर्णय देववाणीत कोरून ठेवावा असे संबंधितांना वाटले, ही बाबही लक्षणीय आहे.

या लेखावरून तुघलक मोठा धर्मसहिष्णू होता, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. राज्य नवे होते, वसूल यावयाचा होता, रयत शांत राहणे गरजेचे होते. परंतु कारण काहीही असो, अधिकाऱ्यांनी स्वतःपुढे ठेवलेला प्रश्न महत्त्वाचा आहे. हा देव खरा की खोटा, हे त्यांनी पाहिले नाही. येथे पूजा चालत होती काय, ती कशामुळे थांबली, आणि ती पुन्हा कशी चालू होईल, हे पाहिले. मराठीत अशा चालत आलेल्या उपभोगाला आणि रीतीला वहिवाट म्हणतात. शेताच्या बांधापासून देवळाच्या पालखीपर्यंत आपल्याकडे असंख्य तंटे याच एका शब्दाच्या आधारे तोडले गेले. कल्याणात त्याचा दगडी दाखला मिळतो.

किल्ल्यासाठी झुंज

बहमनी सुलतानांनी कल्याणचा किल्ला बांधून काढला. बहमनी राज्याचे तुकडे झाल्यावर बीदर, विजापूर आणि अहमदनगर यांच्या सरहद्दीवरील हे ठाणे ज्याच्या त्याच्या डोळ्यांत भरू लागले. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्यात विजयनगरचा रामराय उतरला. कधी एका सुलतानाला, कधी दुसऱ्याला मदत करून त्याने कल्याणीच्या राजकारणात वारंवार हात घातला. रामरायाला प्राचीन चालुक्य सम्राटांच्या वैभवाचा वारसा आपल्याकडे असावा अशी आकांक्षा होती आणि म्हणून त्याला कल्याणचे विशेष आकर्षण वाटे, असे अलीकडच्या संशोधकांनी दाखविले आहे. राजधानीपण गेल्याला साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली होती, तरी नावाचे तेज ओसरले नव्हते. या चढाओढीत धर्मावरून बाजू ठरलेल्या नव्हत्या. सुलतान सुलतानाविरुद्ध रामरायाला बोलावीत, आणि अखेर त्याच्या वाढत्या वरचष्म्याला कंटाळून एकत्र आले. २३ जानेवारी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत रामराय मारला गेला. १६५७ मध्ये शाहजादा औरंगजेबाने बीदर आणि कल्याणी हे दोन्ही किल्ले जिंकून घेतले. पुढे निजामाच्या राज्यात कल्याणी ही नबाबांची जहागीर झाली.

साधू, फकीर आणि मराठी ग्रंथ

तोफा किल्ल्यावर चालत होत्या, त्याच काळात गावात निराळेच व्यवहार सुरू होते. ‘वाघावर बसणारा’ अशी ख्याती असलेल्या राजा बागसवारांचा दर्गा कल्याणीत आहे. सहजानंद, पूर्णानंद, शिवराम अशी आनंद संप्रदायातील मराठी साधुकवींची मालिका कल्याणीशी निगडित आहे. या मालिकेतील सर्वांत विलक्षण नाव शहा मुंतोजी बहमनी यांचे. बहमनी राजकुळातील हे पुरुष सहजानंदांचे शिष्य झाले आणि ‘मृत्युंजय’ या नावाने ओळखले जाऊ लागले, असे परंपरा सांगते. ‘सिद्धसंकेतप्रबंध’, ‘अनुभवसार’ यांसारखे त्यांचे वेदान्तपर ग्रंथ मराठीत आहेत. कल्याणीला लागून असलेल्या नारायणपुरात त्यांची समाधी सांगितली जाते. त्याच नारायणपुरात चालुक्यकालीन शिवालय उभे आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या ग्रंथातून अशा कवींचा परिचय मराठी वाचकांना करून दिला. नाव मुसलमानी, दीक्षानाम शैव, गुरू अद्वैती आणि ग्रंथ मराठी, अशा पुरुषाला कोणत्या एका रकान्यात बसवावे, हा प्रश्न त्यांच्या भक्तांना कधी पडलेला दिसत नाही.

हीच परंपरा एकोणिसाव्या शतकात माणिकप्रभूंच्या रूपाने नव्याने बहरली. कल्याणीजवळच्या लाडवंती येथे १८१७ च्या दत्तजयंतीस त्यांचा जन्म झाला आणि त्यांचे बालपण कल्याणीत गेले. १८४५ मध्ये हुमनाबादजवळ माणिकनगरची स्थापना झाली आणि १८६५ मध्ये प्रभू तेथेच समाधिस्थ झाले. त्यांनी प्रतिपादिलेला ‘सकलमत’ सिद्धान्त सर्व मतांना परमेश्वराकडे नेणाऱ्या वाटा मानतो. त्यांची पदे मराठी, कन्नड आणि हिंदुस्थानी भाषांत आहेत. लिंगायत भक्तांनी त्यांच्यात बसवण्णा पाहिले, मुसलमान भक्तांनी महबूब सुबहानी पाहिले, आणि माणिकनगरने दोघांचीही समजूत दुरुस्त करण्याचा खटाटोप केला नाही.

बीदरजवळच्या अष्टूर येथील रीतही याच जातीची. १४३६ मध्ये निवर्तलेला सुलतान अहमदशाह वली बहमनी तेथे चिरविश्रांती घेत आहे. लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. होळीनंतर भरणाऱ्या त्याच्या उरुसाचा मान गुलबर्गा भागातील माड्याळच्या जंगमाकडे असून, तो आपल्या मंडळींसह तेथे येऊन शंख फुंकतो व फुले वाहतो. ज्या अल्लमप्रभूंना परंपरेने अनुभव मंटपाच्या अध्यक्षपदी बसविले, त्यांचेच नाव एका सुलतानाच्या थडग्यावर घेतले जाते आणि दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही.

जखमा आणि नवे नाव

येथवरच्या हकीगतीवरून या भागात केवळ सलोखाच नांदला, असे मानणे सत्याला धरून होणार नाही. १९४८ हे वर्ष या परिसराच्या अंगावर कायमचा वण ठेवून गेले. त्या वर्षीच्या मे महिन्यात कल्याणी तालुक्यातील गोरटा गावात रझाकारांनी भीषण कत्तल केली. सप्टेंबरात भारतीय सैन्याची पोलिस कारवाई झाली, निजामाने शरणागती दिली, आणि त्यानंतर सुडाची लाट उसळून असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदविले. शेकडो वर्षांची वहिवाटही किती थोड्या महिन्यांत मोडते, हे या प्रदेशाने दोन्ही बाजूंनी पाहिले. गोरट्याचे स्मरण करताना त्यानंतरचे विसरावे, किंवा त्यानंतरचे सांगताना गोरटा गाळावे, हे दोन्ही इतिहासाला मान्य होण्यासारखे नाही.

१९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली. बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे मराठी तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात गेला, आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात राहिला. त्याच सुमारास कल्याणीचे बसवकल्याण झाले. भालकी मठाचे डॉ. चन्नबसव पट्टदेवरू यांच्या प्रयत्नाने तेथे नवा अनुभव मंटप उभा राहिला. २०१२ मध्ये बसवण्णांची १०८ फूट उंच मूर्ती स्थापन झाली. ६ जानेवारी २०२१ रोजी कर्नाटक शासनाने भव्य अशा नूतन अनुभव मंटपाची पायाभरणी केली. ज्या नगरातून शरणांना परागंदा व्हावे लागले, तेथे त्यांची आठवण आठशे वर्षांनी राज्याच्या खर्चाने प्रतिष्ठित होत आहे, ही घटना सामान्य नव्हे.

त्याबरोबर जुना प्रश्नही नव्या आवेशाने पुढे आला. गावातील पीरपाशा बंगला ही वास्तू मूळ अनुभव मंटपाच्याच जागी आहे, असा अनेक लिंगायत मठाधीशांचा दावा असून २०२२ च्या जून महिन्यात त्यासाठी बसवकल्याणात मोठा मोर्चा निघाला. याच्या काही महिने आधी, १ मार्च २०२२ च्या महाशिवरात्रीस, आळंद येथील लाडले मशाइक दर्ग्यात तणाव उसळला होता. त्या आवारात शिवलिंग असून तुकाराम महाराजांच्या गुरुपरंपरेत ज्यांचे नाव येते त्या राघव चैतन्यांची समाधीही तेथेच असल्याची श्रद्धा आहे. म्हणजे मराठी भाविकाचाही या जागेशी थेट संबंध पोहोचतो.

आळंदच्या बाबतीत पुढे घडले ते उद्बोधक आहे. प्रकरण न्यायाधिकरणापुढे आणि नंतर उच्च न्यायालयाच्या कलबुरगी खंडपीठापुढे गेले. २०२३ च्या शिवरात्रीस दुपारपूर्वीची वेळ उरुसाच्या विधींना आणि दुपारनंतरची वेळ पंधरा हिंदू भाविकांच्या पूजेला, अशी वाटणी ठरली आणि मोठ्या बंदोबस्तात का होईना, दोन्ही विधी पार पडले. मालकीचा प्रश्न बाजूला ठेवून त्या दिवसापुरते कोणी, केव्हा, काय करावे एवढेच ठरविण्यात आले. शके १२४८ च्या निवाड्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

दोन नगरे, एक तोडगा

जेरुसलेमचा अनुभवही असाच आहे. ख्रिस्ताच्या समाधिस्थानावरील चर्चमध्ये ख्रिस्ती पंथांचेच आपापसांत शतकानुशतके हाणामारीपर्यंत तंटे चालत. ऑटोमन सुलतानांनी १७५७ मध्ये आणि पुन्हा १८५२ मध्ये फर्माने काढून चालू वहिवाट जशीच्या तशी गोठविली. कोणत्या पंथाने कोणत्या वेळी कोणत्या वेदीवर प्रार्थना करावी, कोणती पायरी कोणी झाडावी, येथपर्यंत सर्व काही ठरलेले आहे. त्या चर्चची किल्ली एका मुसलमान कुटुंबाकडे असते आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुसलमान कुटुंबाकडे. या व्यवस्थेने जेरुसलेममधील मोठे प्रश्न सुटले नाहीत, रक्तपातही टळला नाही. परंतु त्या एका छपराखाली रोजची प्रार्थना चालू राहिली.

वहिवाटीलाही मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. ती बलवानाच्या अन्यायाला कधी कधी मान्यता देते. बसवण्णा आणि शरण स्वतः चालत आलेल्या रूढीविरुद्धच उभे ठाकले होते. तेव्हा कल्याणात ‘पूर्वापार चालत आले आहे’ एवढे म्हणून भागणार नाही. मूळ मंटपाच्या जागेचा शोध हा उत्खनन, शिलालेख आणि जुनी कागदपत्रे यांच्या साहाय्याने अभ्यासकांनी घ्यावयाचा विषय आहे, आणि जे निघेल ते स्वीकारण्याची तयारी सर्वांनीच ठेवली पाहिजे. तोवर परुष कट्ट्यावर, अक्क नागम्मांच्या गुहेत आणि बागसवारांच्या दर्ग्यात जे नित्याने चालते, ते निर्वेधपणे चालू राहील, एवढी काळजी घेणे शासनाइतकेच गावाच्याही हाती आहे.

अशा वेळी सीमाभागातील ग्रंथालयांवर एक विशेष जबाबदारी येते. मिताक्षरेची मराठी भाषांतरे, बसवण्णांच्या वचनांचे मराठी अनुवाद, मृत्युंजयांचे ग्रंथ, माणिकप्रभूंची पदे आणि बीदरच्या वास्तूंवरील गुलाम याझदानी यांचा १९४७ चा ग्रंथ ही सर्व पुस्तके एकाच कपाटात शेजारी शेजारी राहू शकतात. कल्याणीवर हक्क सांगणारा प्रत्येक जण त्यांतील आपले पुस्तक वाचतोच. शेजारचे पुस्तकही त्याच्या हाती पडावे, यासाठीच गावात वाचनालय असते.